साडेसातपर्यंतचा खून

एकही भोक नसलेली रहस्यकथा आजवर जगात एकच लिहिली गेली आहे, आणि ती मी लिहिली आहे! हसू नका. शाळेची बस चालवणाऱ्या बाईला हसणं फार सोपं असतं. पण एकोणीस वर्षं, दर रविवारी, मी टीव्हीवर 'ब्लॅकरीफ' ही पोलिसी मालिका बघत आले आहे. तेही नुसतं नाही, वही-पेन घेऊन! वाहिनीला मी त्रेचाळीस पत्रं पाठवली. उत्तर एकदाच आलं : 'आपल्या प्रेमाबद्दल आभार.' प्रेम म्हणे!

पत्रांत मी काही वेडंवाकडं लिहीत नसे. तुमचा इन्स्पेक्टर डनमोर अंधाऱ्या गोदामात दर वेळी एकटाच का शिरतो? बरं, शिरतो तर शिरतो, दिवा का लावत नाही? बटण दाराशेजारीच असतं! त्याच्या मुलीला चार वेळा पळवून नेलं, तरी मागच्या दाराला अजून कडी नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तिसऱ्या वर्षी मांजराच्या केसांच्या ॲलर्जीने मरता मरता वाचल्या, आणि अकराव्या वर्षी त्यांच्याच मांडीवर मांजर! शिवाय "खुनी कोण ते मला कळलंय, पण फोनवर सांगता येणार नाही, धक्क्यावर भेटा," असं म्हणणारा माणूस धक्क्यावर जिवंत भेटल्याचं एकोणीस वर्षांत एकदाही घडलेलं नाही. अरे, सांग ना फोनवर! तोंडाला काय झालंय?

"नायरी, एवढा त्रास होतो तर बंद कर ना," क्लाइव्ह म्हणायचा. क्लाइव्ह म्हणजे माझा नवरा.

"बंद कसं करू? शेवटी काय होतं ते बघायला नको?"

"आणि तो शेवट पटला नाही तर?"

"पटत नाहीच! म्हणून तर पुढच्या रविवारी बघावं लागतं!"

गेल्या मार्चमध्ये आमच्या माताई फ्लॅट या गावाच्या शाळेला शंभर वर्षं झाली. ठिकठिकाणचे जुने विद्यार्थी येणार, एकशेवीस माणसं जेवणार, आणि जेवायला हांगीच हवी यावर सगळ्या गावाचं एकमत. आमच्या गावात एकमत होण्याचा हा तसा एकच विषय. खड्ड्यात तापवलेले दगड, त्यांवर मटण, कोंबडी, भोपळा आणि रताळ्यांच्या टोपल्या, वर ओली फडकी, त्यावर माती. मग साडेतीन तास तिला कुणी हात लावायचा नाही. आणि हांगी लावावी तर माझ्या एरुएरा मामांनीच. फक्त मामांनी सहा वर्षांपूर्वी फावडं कायमचं ठेवून दिलं होतं.

त्याला कारण होता बॅरी. बॅरी ट्रक चालवतो, दाराच्या चौकटीएवढा आहे आणि त्याला भूक लागली की त्याचा मेंदू बंद पडतो. रग्बी क्लबच्या समारंभात त्याने "नुसता वास घेतो" म्हणत तासभर आधीच माती बाजूला केली. वाफ गेली. कोंबडी कच्ची राहिली, आणि गाव तीन दिवस पोट धरून झोपलं. उघडली बॅरीने, पण नाव कुणाचं झालं? मामांचं! पुढे वर्षभर कुणाचं पोट बिघडलं तरी लोक म्हणायचे, "काय रे, एरुएराकडे जेवलास काय?"

मी मामांच्या मागे लागले. ते पायरीवर बसून गुडघा चोळत होते.

"दगड माझ्या हातात आहेत, पोरी," ते म्हणाले, "लोकांची पोटं नाहीत. आणि एकदा वाफ गेली की हाका मारून परत येत नाही."

"मामा, साडेसातच्या आत खड्ड्याकडे चिटपाखरूही फिरकणार नाही. माझा शब्द!"

"काय करणार आहेस? खुर्च्यांना बांधणार त्यांना?"

"मी त्यांना एक खून दाखवणार आहे!"

मामांनी गुडघा चोळायचा थांबवला. "हे बघ नायरी, मी शहात्तर वर्षांचा आहे. ही पण बिघडली ना, तर माझ्या मयताला येताना लोक घरून डबा आणतील."

हे ते हसत म्हणाले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. मला भरून आलं. मी दुसऱ्यांदा शब्द दिला. हात दाखवून अवलक्षण करायची हौस, दुसरं काय!

तीन आठवडे बसून मी नाटक लिहिलं. तीन अंक, तीन तास. प्रेक्षकांनी संशयितांना प्रश्न विचारायचे आणि खुनी ओळखायचा. क्लाइव्ह मेंढ्यांच्या कळपाचा मालक, म्हणजे प्रेत. टपालवाली ग्लेनिस ही घरकामाची बाई. दूधवाला डेस्मंड हा खुनी. इन्स्पेक्टर मी स्वतः, खिशात पूर्ण चार्ज केलेला फोन आणि चालू बॅटरी! आणि खरा पुरावा पहिल्या मिनिटापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. याला म्हणतात प्रामाणिक लेखन!

पुरावा होता बूट. रंगमंचावर घराचं दार, दाराबाहेर सहा जोड रबरी बूट. आमच्याकडे चिखलाचे बूट घालून घरात शिरणाऱ्याला खुन्यापेक्षा बरी वागणूक मिळत नाही. पाच जोड ओल्या चिखलाचे. सहावा डेस्मंडचा, त्यावरचा चिखल मी केस वाळवायच्या यंत्राने अर्धा तास वाळवला होता. तिसऱ्या अंकात, सात वाजता, मी भिंग घेऊन तो शोधून काढणार होते.

चार वाजता मामांनी हांगीवर शेवटची माती ओढली. साडेचारला शाळेच्या सभागृहात पडदा उघडला. क्लाइव्ह पडला, ग्लेनिस किंचाळली, "दुपारपासून मेला पाऊस थांबत नाहीये आणि आता हे!" म्हणाली. डेस्मंड आला, "मी आत्ताच कुरणातून चालत आलो," म्हणाला. सगळं छान चाललं होतं.

पहिल्या रांगेत हुया आजींचा हात वर झाला. वय अठ्ठ्याऐंशी, त्यातली सत्तर वर्षं गाईंच्या मागे गेलेली.

"ते कडेचे बूट कुणाचे रे?"

"माझे," डेस्मंड म्हणाला.

"आणि आत्ता कुरणातून आलास? पावसातून? मग चिखल वाळलेला कसा, बाळा? तू सकाळपासून घरातच आहेस. तूच मारलंयस त्याला."

डेस्मंडने माझ्याकडे बघितलं. मी त्याला तीन आठवडे बजावलं होतं, की पुरावा समोर आल्यावर उगाच नाही-नाही करत बसायचं नाही, तसले चाळे 'ब्लॅकरीफ'वाले करतात. डेस्मंड सरळ माणूस.

"हो," तो म्हणाला. "मीच मारलं."

टाळ्यांचा कडकडाट! "वा, नायरी! काय चोख काम! कुठे खोट म्हणून नाही!" माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत सुखाचं अर्धं मिनिट. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. बॅरीने पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चला, आता जेवण!"

मी घड्याळ बघितलं. चार वाजून एक्केचाळीस मिनिटं!

खिडकीतून खड्डा दिसत होता. मामा फावड्यावर रेलून उभे होते आणि थेट माझ्याकडे बघत होते.

"थांबा!" मी ओरडले. "डेस्मंड निर्दोष आहे!"

"पण मी तर कबूल केलं," डेस्मंड म्हणाला.

"तू कुणाला तरी वाचवतोयस!"

"कुणाला?"

मला काय माहीत कुणाला! "ते... ते आत्ता सांगता येणार नाही!"

सभागृहात गलका झाला. "हे काय, नायरी? ही शुद्ध फसवणूक आहे!" "कबुली दिली ना त्याने?" लोक संतापले, बोटं नाचवू लागले. पण मी काय बघितलं सांगू? संतापलेला प्रत्येक माणूस परत खुर्चीत बसला! समाधान झालेला माणूस उठून जेवायला जातो. चिडलेला माणूस भांडायला थांबतो. एकोणीस वर्षं मी टीव्हीसमोरून का उठले नव्हते, ते मला त्या क्षणी कळलं. फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

मग मी काय काय केलं ते सांगायचीही लाज वाटते. पाच वाजता ग्लेनिसला पडद्यामागे ढकललं, डोक्यावर कुणाची तरी हॅट बसवली आणि तिची जुळी बहीण म्हणून परत आणली. "आता जुळी बहीण?" मागून कुणीतरी किंचाळलं. साडेपाचला प्रेताला शिंक आली. मी जाहीर केलं, की ते विष फक्त मेल्यासारखं दाखवणारं होतं! क्लाइव्ह उठून बसला, पाणी प्यायला. पावणेसहाला मी त्याला परत मारलं.

"अगं, किती वेळा?" तो पडल्या पडल्या कुजबुजला.

"साडेसातपर्यंत!"

सहा वाजता डेस्मंडची स्मृती गेली. सव्वासहाला मी सगळे दिवे घालवले आणि बाजूच्या अंधाऱ्या खोलीत एकटीच शिरले. खिशात बॅटरी होती. लावली नाही.

"दिवा लाव की गं बये!" हुया आजी ओरडल्या. "बटण तुझ्या कोपरापाशी आहे!"

"तुमच्यासारखी मूर्ख पोलीस मी जन्मात बघितली नाही!" आणखी कुणीतरी.

एकशेवीस माणसं रागाने लाल झाली होती आणि एकही हलत नव्हतं. देवा, चाललंय, असंच चालू दे, असं मी मनात म्हणत होते, तेवढ्यात पावणेसातला वारा फिरला आणि उघड्या खिडकीतून हांगीचा वास आत आला. धूर, माती आणि मटण. सगळ्यांची नाकं एकदम वर झाली.

बॅरी उठला.

"नुसता वास घेऊन येतो," तो म्हणाला.

खिडकीबाहेर मामांनी फावडं दोन्ही हातांनी धरलं. शहात्तर वर्षांचा माणूस त्या दाराएवढ्या धिप्पाड बॅरीला काय अडवणार होता? बॅरी दहा पावलं चालला. त्याचा हात कडीवर गेला. मी ओरडले, आणि काय बोलतेय ते माझं मलाच आधी कळलं नाही.

"बॅरी! बाहेर पाऊल टाकलंस तर संशय तुझ्यावर येईल!"

तो थांबला. "माझ्यावर? मी प्रेक्षक आहे!"

"खुनीसुद्धा अगदी हेच म्हणेल!"

एकशेवीस माना बॅरीकडे वळल्या. हुया आजींनी चष्मा पुसला. "दुपारी तू कुठे होतास रे?"

"मी? मी तर ट्रक... अहो, मी या नाटकात नाहीच आहे!"

"मग पळत का होतास?"

बॅरीचा चेहरा भोपळ्यासारखा झाला. कडी सोडून तो दाणदाण पाय आपटत पुढे आला आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला. "सिद्ध कर! माझ्यावरचा आरोप पुसला जाईपर्यंत मी इथून उठणार नाही!"

मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

पुढचा पाऊण तास वाऱ्यासारखा गेला. बॅरी आपली बाजू मांडत होता, ग्लेनिसची जुळी बहीण रडत होती, डेस्मंड स्वतःचं नाव विचारत फिरत होता. घड्याळाचा काटा साडेसातवर आला. जिंकले! मी खिडकीकडे वळले, मामांना खूण करायला.

खड्ड्याजवळ कुणीच नव्हतं.

माती जशीच्या तशी होती, फावडं जमिनीत रोवलेलं होतं, आणि मामा नव्हते. पडले की काय? काही झालं की काय? मी रंगमंचावरून उडी मारायला पुढे झाले आणि ते दिसले. मामा सभागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभे होते. तोंड उघडं. कितीतरी वेळापासून असावेत.

मी मनगटावर बोट आपटलं. त्यांनी बघितलं नाही. मी जेवणाची खूण केली. त्यांनी हात झटकला. शेवटी मी ओरडले, "मामा, साडेसात वाजले!"

"शूऽऽ!" मामा म्हणाले. "ती जुळी बहीण काहीतरी सांगतेय!"

"मामा, हांगी!"

"अगं, थांब! आधी खुनी कोण ते कळू दे!"

आणि मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का? मी डेस्मंडचं नाव घेतलं, लोक म्हणाले, त्याची तर स्मृती गेली आहे. ग्लेनिसचं घेतलं, लोक म्हणाले, ती सहा वाजता गोठ्यात होती. मी म्हटलं, क्लाइव्हने आत्महत्या केली. "दोनदा?" आजी म्हणाल्या. माझा एकही शेवट कुणी गिळेना, आणि शेवटाशिवाय कुणी उठेना. नऊला दहा कमी असताना हुया आजींनी काठी आपटली. "मला जेवून गोळी घ्यायची असते. खुनी गेला खड्ड्यात!" तेव्हा कुठे मामांना खड्डा आठवला.

कच्चं काहीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मटण हाडांना सोडून गेलं होतं. रताळी कुठली आणि भोपळा कुठला ते ओळखू येत नव्हतं. कोंबडी वाडग्यात वाढावी लागली. एकशेवीस माणसं चमच्याने जेवली, आणि कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण प्रत्येक टेबलावर खुनाचं भांडण पेटलं होतं.

मामा माझ्याशेजारी येऊन बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. "मामा, चुकलं माझं," मी म्हटलं. "तुमची शेवटची हांगी, आणि मी तिचा लगदा केला." माझे डोळे खरंच भरले होते.

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जेवणाचं सोड, पोरी. जेवण काय, ईस्टरला पुन्हा लावीन." मग ते माझ्या कानाशी वाकले. दोन तास मनात घोळवलेला प्रश्न असावा, इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मला एकट्यालाच सांग. ती जुळी बहीण... तिचा हात होता ना यात?"

दिवसभराची दमलेली मी. ताटातून मान वर करून मी म्हटलं, "कुठली जुळी बहीण?"

माझ्या ताटात उरलेला भोपळा मामांनी चमच्याने आपल्या ताटात ओढून घेतला आणि ते बॅरीच्या टेबलावर जाऊन बसले.