बायोकाकीच्या खुणा

मी पदवीधर झालो तो शेजारच्या बायोकाकीमुळे. आमच्या घरी बसायला जागा नव्हती, म्हणून मालवणात तिच्या पडवीत अभ्यास करायचो. पाठांतर मोठमोठ्याने चाले. मध्ये बोलून माझी तंद्री मोडू नये, म्हणून काकी जेवलास का तेसुद्धा खिडकीतून खुणेने विचारायची. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं; ते उपकार मी विसरलेलो नाही. तरीही सांगायला हवं, की काकी टीव्ही आवाज बंद करून बघते.

तीही एकच मालिका. त्यातल्या थोरल्या मुलाला आणि सुनेला ऐकू येत नाही, ती दोघं खुणांनी बोलतात. मालिका लागली की काकी टीव्हीचा आवाज बंद करते आणि घरादाराचाही. काका एकदा खोकले, तर त्यांना अंगणात धाडलं.

"गे, बाकीची माणसा काय बोलतत ता तरी ऐकूक दी," काका म्हणाले.

"त्या पोरांका ऐकाक येता? मग तुमका कित्याक होया?"

शिकलेली खूण ती दिसेल त्याच्यावर घोटायची. बंदरावर मासळीच्या लिलावात तिने शेजारच्या पारूला 'माझ्या घरातून चालती हो' करून दाखवलं. हात नेमका बोली चालू असताना वर गेला आणि तारलीची अख्खी रास काकीच्या नावावर लागली. वाडीतली मांजरंसुद्धा तारलीला कंटाळली. काकांनी तोंड उघडलं, तेव्हा तीच खूण त्यांनाही मिळाली.

हा सगळा खटाटोप नातीसाठी. मुंबईच्या मुलाची आर्या, जन्मतः ऐकू न येणारी. गेल्या मे महिन्यात आली, तेव्हा आजी-नात नुसत्या एकमेकींकडे बघत बसल्या होत्या. आता ती पुन्हा येणार होती.

मी आता सावंतवाडीला असतो; सुट्टीला घरी गेलो, तर काकीने माझी परीक्षाच घेतली. "ह्यो बघ, विश्वासघात. ह्या, तू माझी सून न्हय. आणि ह्या, मालमत्तेत माझो वाटो खंय?" हात अगदी सफाईने फिरत होते.

"काकी, यातलं आर्याला काय म्हणशील?"

तिने हात पदरात घेतले. "त्या मालिकेत कोण कोणाक जेवलंस काय, असा इचारीतच नाय रे." मग म्हणाली, "मुंबैच्या झिलाक, आर्याच्या बापाशीक, इचारूक माका लाज वाटता. तू शिकलेलो, खंय तरी इचारून लिवन धाड."

मी लिहून धाडलं ते असं:

"प्रिय काकी, सा. न.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाऊन आलो. तिथल्या बाईंनी खूण करून दाखवली, तेव्हा मला हसू आलं. मग जरा वेळ बाकावर बसून राहिलो. पाच बोटं जुळवून तोंडाशी न्यायची, भुवया उंचवायच्या आणि वाट बघायची. खिडकीतून मला करायचीस, तीच.

बाई म्हणाल्या, उत्तर मान हलवून येईल. 'नाही' आलं तर काय करायचं, ते तुला कोणी शिकवायला नको.

तुझो,
बाबू"