अध्यक्षांच्या हस्ते

संस्थेच्या भांडारात चाळीस व्हीलचेअर होत्या आणि त्या गरजूंना मोफत द्यायच्या आहेत, याबद्दल विश्वस्तांत अजिबात मतभेद नव्हता. वाटप मात्र अध्यक्षांच्याच हस्ते, छायाचित्रासह व्हावे, असा ठराव होता. अध्यक्षांना दोन वर्षे सवड मिळाली नाही. त्यामुळे सगळ्या खुर्च्या नव्याकोऱ्या राहिल्या आणि वार्षिक अहवालात ‘उत्तम देखभाल’ अशी नोंद झाली.

ही देखभाल करणारे भांडारपाल स्वभावाने भिडस्त. एक शिक्षिका त्यांच्या टेबलाशी आली.

“काका, माझे बाबा पाच महिने खाटेवरून उठलेले नाहीत हो. एक खुर्ची द्या ना. फोटो मागाहून काढा, हवे तेवढे काढा!”

“माझ्या हातात असतं तर, पोरी...” भांडारपाल म्हणाले. भांडाराची किल्ली त्यांच्याच हातात होती.

त्यांनी अर्ज वर पाठवला. प्रकरण गंभीर असल्याने विश्वस्तांनी उपसमिती नेमली. लाभार्थ्याला खरोखरच चालता येत नाही, याची खात्री पटावी म्हणून त्याने कार्यालयात जातीने हजर राहावे, असे उपसमितीने कळवले.

“अहो, पण येतील कसे?” शिक्षिकेने सचिवांना विचारले.

“ते आम्ही कसं सांगणार, बाई? लाभार्थ्यांच्या खासगी बाबतीत संस्था नाक खुपसत नाही.”

शेवटी तिने एका दिवसासाठी भाड्याने व्हीलचेअर आणली आणि वडिलांना घेऊन आली. नेमके त्या दिवशी अध्यक्षही आले. त्यांनी म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो झाला. मग सचिवांनी चष्मा पुसला.

“यांच्याकडे तर खुर्ची आहे!”

“भाड्याची आहे हो! संध्याकाळी परत करायचीय.”

“म्हणजे सोय होऊ शकते. संस्था गरजूंसाठी आहे, बाई.”

अर्ज एकमताने फेटाळला गेला. भांडारपालांनी तोंड उघडले आणि निवृत्तीला चारच महिने उरलेत हे आठवून मिटले.

म्हातारे मुलीला म्हणाले, “जरा लांबच्या रस्त्यानं ने गं. संध्याकाळपर्यंत आपलीच आहे ना?”

वार्षिक सभेत तुम्हा सभासदांसमोर तो फोटो पडद्यावर भिंतभर झळकला. विश्वस्त मंडळ आणखी पाच वर्षे कायम ठेवावे, असा ठराव आला. “कुणाची हरकत?” सचिवांनी विचारले. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भांडारपालांनी या वेळी खरोखरच हात वर केला. “माझी आहे,” असे ते म्हणालेही. पण कुणाला काही ऐकू गेले नाही, कारण तोवर टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला होता.

पहिली टाळी तुमची होती.