भिकाजीपंतांनी लेकरांसाठी पुळण नेमिली ते वर्तमान

श्रीसमुद्र समर्थ. ज्याचे येणे कोणाच्या आज्ञेने नाही आणि जाणे कोणाच्या रजेने नाही, त्यास आधी नमस्कार करोन मग हे वर्तमान लिहिले आहे. शके सतराशे एकतीस, शुक्लनाम संवत्सर, माघमास. त्या समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची मनाई आहे, राणीसरकारांच्या मनी आले की राजधानीपासून समुद्र अवघा दोन कोसांवर, आणि आपल्या लेकरांनी तो पाहिला काय तो भिंतीवरल्या चित्रात, ही गोष्ट बरी नव्हे. म्हणोन आज्ञा जाहली की युवराज, वय वर्षे पाच, आणि मानकऱ्यांची व कारकुनांची मिळोन चाळीस लेकरे एक दिवस समुद्रावर खेळावयास न्यावी, आणि त्यांजोगती पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, शोधावी. मग मसलत बसली. फडणीस बोलिले, पुळण रुंद पाहिजे, डेऱ्यांस जागा हवी. सरनोबत बोलिले, पालख्यांस वाट पाहिजे. मुदपाकखान्याचे दारोगे बोलिले, चुलीस वारा लागता कामा नये. आणि लेकरांच्या लघुशंकेचा विषय निघाला तेव्हा सर्व थोर माणसे छताकडे पाहू लागली व तो विषय दुसरे दिवसावर गेला, आणि दुसरे दिवशीही कोणी काढिला नाही. लेकरांनी पाण्यात उतरावे की काय, आणि उतरल्यास कोठवर, हे तर कोणाच्या स्वप्नीही नव्हते. जोशीबुवांनी मुहूर्त दिला की माघी पौर्णिमा, दोन प्रहर, चंद्र पूर्ण, सर्व शुभ. मग पाहणीचे काम भिकाजीपंत पाहणीदार यांजकडे आले आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकिला.

भिकाजीपंत मनुष्य प्रामाणिक, अक्षर मोत्यासारखे, आणि त्यांच्या कागदात आजवर एक खाडाखोड सापडली नव्हती, याचा त्यांस अभिमान होता तो थोडा जास्तच होता. मूल एकच, दुर्गी म्हणोन, सात वर्षांची, आई नसलेली. ती हट्टास पेटली की मीही येणार, म्हणोन तीस पालखीत पुढ्यात बसवोन पंत माघ शुद्ध अष्टमीस किनाऱ्यावर दाखल जाहले. त्या राज्यात रिवाज ऐसा की पाहणीदाराने पाहणी पालखीतूनच करावी, सरकारी पायांस चिखलपाणी लागो नये, आणि कागदात मानकऱ्याचे बोलणे लिहावे, इतरांचे लिहू नये. पहिली पुळण पाहिली तो खडकांस कालवे चिकटलेली, पाय ठेविता कापेल ऐसी. ती टाकिली. दुसरी पाहिली, कोळ्यांच्या वाडीखालची. लहान, वाकलेली, दोन्ही अंगांस खडकाचा आडोसा, पाणी लेकरांच्या गुडघ्याइतके, काठाशी गोड्या पाण्याची विहीर आणि उंडीच्या झाडाची सावली, आणि कोळ्यांची उघडी पोरे तेथे आरडत डुंबत होती. दुर्गी पालखीतून अर्धी बाहेर वाकली आणि म्हणाली, "बाबा, हीच." परंतु वर सुके बोंबील वाळत होते आणि त्याचा वास पंतांच्या नाकात शिरला, आणि सरनोबतांच्या बायका काय म्हणतील हे त्यांच्या मनात आले, आणि मग तीही टाकिली.

तिसरी मात्र पाहता डोळे निवावे ऐसी. पांढरी वाळू, मागे केवड्याचे दाट बन, आणि समुद्र तो इतका दूर की त्याचा आवाज मागवोन घ्यावा. सहल दोन प्रहरी व्हावयाची म्हणोन पंत दक्षतेने दोन प्रहरांपर्यंत थांबले, आणि मग दोरी टाकवोन पुळण मोजविली, ती तीनशे हात भरली. इतक्यात दुर्गी खाली उतरोन केवड्याच्या मुळाशी गेली आणि ओंजळभर शिंपले घेवोन आली. "बाबा, समुद्र तिकडे, मग शिंपले इकडे कसे आले?" पंत दोरीच्या गाठी मोजीत होते. म्हणाले, "कावळ्यांनी आणिले असतील." तेथे चांगुणा नावाची कोळीण डोईवर पाटी घेवोन चालली होती, ती उभी राहिली आणि म्हणाली, "कावल्यांनी नाय, पंत. आज अष्टमी, भांगाचं पानी हाय, लांबच रातंय. पुनवेला ह्याच टायमाला दर्या केवड्याला लागतो. पोरां आनायची तर आमच्या वारीखाली आना. आमची पोरां खेलतान तयं." पंतांनी ऐकिले. हे ध्यानी ठेवावे, की ऐकिले. भोई ऐकत होते, शिपाई हसत होता, आणि एका कोळिणीने पाहणीदारास शिकवावे हे पंतांस सोसले नाही. ते म्हणाले, "बाई, मोजणी दोन प्रहरीच केली आहे." चांगुणा म्हणाली, "दर्याला दोन पार ठाव नाय, त्याला चांद ठाव हाय," आणि चालती जाहली. पंतांनी कागदावर लिहिले की दोन प्रहरी रुंदी हात तीनशे, लेकरांस निर्धास्त. अक्षर नेहमीप्रमाणे सुंदर आले.

मग पौर्णिमेस स्वारी निघाली. चाळीस लेकरे, त्यांत दुर्गीही, तितक्याच दाया, डेरे, गालिचे, लाडवांचे सात वेताचे हारे, आणि पुढे चौघडा. सकाळी पाणी दूर होते आणि लेकरांनी वाळूचे किल्ले केले आणि सरनोबतांनी त्यांतला एक मजबूत ठरविला. मग पाणी थोडे पुढे आले, तेव्हा दरबारी मंडळींनी समुद्र युवराजांस मुजरा करावयास येतो म्हणोन वाहवा केली. मग ते गालिच्यास लागले, आणि मग चुली विझल्या, आणि मग लाडवांचे हारे तरंगू लागले, आणि डेऱ्यांच्या मेखा वाळूतून सुटल्या. मागे सरावे तो केवड्याचे काटे, पुढे पाणी, आणि मध्ये चाळीस लेकरे रडत उभी, आणि पालख्यांची वाट पाण्याखाली. पंत दोन प्रहरांच्या उन्हात उभे होते आणि त्यांच्या कमरेस पाणी लागले होते, आणि त्यांस एकच वाक्य ऐकू येत होते, ते चांगुणेचे. इतक्यात सरनोबतांचा धाकटा, चार वर्षांचा, लाटेसरशी मागे ओढिला गेला. पोहता येणारा मनुष्य लवाजम्यात एक नव्हता. तेव्हा वाडीवरून कोळणी कासोटे मारोन धावल्या, आणि चांगुणेने त्या लेकरास केसांस धरोन वर काढिले, पालथे घालोन पाणी ओकविले, आणि युवराजांस काखेस मारोन बाहेर आणिले. लेकरे सर्व वाचली. दुर्गी केवड्यात अडकली होती, तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडले होते, आणि ती रडत नव्हती, बापाकडे पाहात होती.

दुसरे दिवशी दरबार भरला. राणीसरकार पडद्याआडून बोलिल्या, "पुळण निर्धास्त म्हणोन कोणी लिहिले?" पंत उभे राहिले. खरे बोलावे ऐसे मनात आले, परंतु सरनोबत समोर होते, त्यांचे डोळे लाल होते, आणि पंतांच्या तोंडून निघाले की, "पाणी इतके चढते हे तेथल्या कोळ्यांनी सांगितले नाही." झाले. चांगुणेस बोलाविले. ती मासळीच्या कामावरोन ओल्या लुगड्याने तशीच आली, आणि म्हणाली, "मी सांगितलंय. पंतांनाच इचारा." सर्वांनी पंतांकडे पाहिले. पंतांनी खाली फरशीकडे पाहिले आणि म्हणाले, "स्मरत नाही." फडणीसांनी कागद काढोन पाहिला, त्यात कोळिणीचे बोलणे कोठेच नव्हते, आणि त्या राज्यात कागदात नाही ते जाहलेच नाही. चांगुणेने पंतांकडे एकवार पाहिले. राग केला असता तर सोपे गेले असते, परंतु तिने नुसते पाहिले. मग हुकूम जाहला की लेकरांच्या जिवाची वार्ता दडविली म्हणोन कोळ्यांची वाडी किनाऱ्यावरून उठवावी, उद्या शिक्का होईल.

पंत घरी आले ते मागल्या दाराने. दुर्गीच्या हातांस हळद लाविली होती. तिने विचारिले, "बाबा, चांगुणाबाईस लुगडे दिले की नाही सरकारांनी?" पंत म्हणाले, "जेव आधी." ती म्हणाली, "तुम्ही सांगितले ना, की ती आधीच बोलली होती?" पंतांनी पान पुढे ओढिले. तिने दुसऱ्यांदा विचारिले नाही. उठोन कोनाड्यातले शिंपले आणिले, केवड्याच्या मुळाशी सापडले होते ते, आणि त्यांच्या पानाशेजारी ठेविले आणि निजावयास गेली. लढाईत हरलेल्यास तोंड दाखविता येते, परंतु सात वर्षांच्या लेकीपुढे मान वर करवेना, ऐसी लाज पंतांस जन्मात वाटली नव्हती.

सकाळी शिक्क्याची लाख तापत होती तेव्हा पंत दरबारात गेले आणि शिंपले मसनदीपुढे ठेविले आणि म्हणाले, "पाणी कोठवर येते ते हे शिंपले सांगत होते, माझी लेक सांगत होती आणि चांगुणा कोळीण सांगत होती. मी तिघांचे ऐकिले आणि कोणाचेच लिहिले नाही. काल स्मरत नाही म्हणालो, ते खोटे. सर्व स्मरते. तिचे शब्द सांगा म्हणाल तर जसेच्या तसे सांगतो." आणि सांगितले. सरनोबत दातओठ खाऊ लागले, परंतु राणीसरकार म्हणाल्या, "वाडी जागची हलणार नाही. पुढे लेकरांसाठी पाहणी होईल ती पायी व्हावी, गुडघाभर पाण्यात उभे राहोन कागद लिहावा, आणि जेथे तेथलीच पोरे खेळतात तेथल्या आईची निशाणी आधी, पाहणीदाराची मागाहून. आणि पंत, तुम्ही त्या बाईच्या दारी जा." पंतांची पाहणीदारी राहिली. त्यांस वाटत होते की जाती तर बरे होते.

मग पंत चालत गेले. चांगुणा दारात मासळी निवडीत होती. पंतांनी पागोटे काढोन हाती घेतले आणि म्हणाले, "बाई, मी तुमचा अपराधी आहे." तिने वर पाहिले नाही. म्हणाली, "मला खोटी पारलीत ते जाऊंद्या. माझी पोरं रस्त्यावर आली असती." पंत उभेच राहिले. मग तिने पाट पुढे सारिला आणि म्हणाली, "बसा. वद्य अष्टमीला आना पोरांना. लारू कमी आना, पानी जास्ती." क्षमा केली ऐसे ती बोलली नाही, आणि पंतांनी विचारिले नाही.

वद्य अष्टमीस तीच चाळीस लेकरे वाडीखालच्या पुळणीवर आली, चौघड्यावाचून. बोंबलांचा वास होताच, तो पहिल्या घटकेनंतर कोणास आला नाही. लघुशंकेस उंडीमागे जागा होती. युवराज कोळ्यांच्या पोरांत मिसळोन ओळखू येईनासे जाहले. पंत धोतर खोचोन गुडघाभर पाण्यात उभे होते, पाय थंड, आणि त्यांनी दुर्गीपुढे हात केला. दुर्गी काठाशी थांबली. हातांवरले ओरखडे अजोन पुरते मिटले नव्हते. तिने बापाच्या हाताकडे पाहिले, मग वळोन चांगुणेस विचारिले, "आता आत जाऊ का?" चांगुणेने पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, "जा." तेव्हा दुर्गीने बापाचा हात धरिला.

येणेप्रमाणे पुळण नेमिल्याचे वर्तमान जाहले तैसे लिहिले. त्यात भिकाजीपंतांचे जे उणे आहे ते त्यांनी स्वतः वाचोन पाहिले, आणि त्यांच्या कागदात खाडाखोड नसते म्हणोन एक अक्षरही पुसो दिले नाही.