चांगली गेलनला, दुसरी मर्लला

एल्वुडला पुरून आठवडा झाला नव्हता, तोच त्याच्या दोन्ही मुलांनी आईच्या स्वयंपाकघरात, आईच्या हातचा हॅम-घेवडा खात, यापुढे एकमेकांचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतली. घेवडा मात्र दोघांनी दोनदा वाढून घेतला.

ऑर्फा चुलीजवळ उभी राहून ऐकत होती. सत्तेचाळीस वर्षं संसार केला, दोन मुलगे वाढवले, त्यांतला एकही अकलेत बापाच्या वर गेला नाही, याचं तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. ते तिने केव्हाच सोसून टाकलं होतं.

भांडण एका ओळीचं होतं. एल्वुड ऑक्टोबरमध्ये शिकारीच्या मचाणावर चढला, फळी ठोकायला. फळी त्यानेच तीस वर्षांपूर्वी ठोकलेली, आणि गावभर सांगत फिरायचा की माझं मचाण माझ्या मागे राहील. राहिलं. खालून एल्वुडला उचलून आणलं. त्याच्या मागे निघालं ते पशुखाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर, आणि कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं: "चांगली बंदूक गेलनला. दुसरी मर्लला."

कपाटात बंदुका दोनच होत्या. एक विंचेस्टर, ऑर्फाच्या वडिलांनी लग्नात जावयाला दिलेली. दुसरी रेमिंग्टन, एल्वुडने शहाऐंशी साली स्वतः घेतलेली. दोन्ही बोल्टच्या. म्हणजे मागचा दांडा ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारख्याच. पण पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात विंचेस्टरवाले आणि रेमिंग्टनवाले चर्चमध्येसुद्धा एका बाकावर बसत नसत.

"चांगली म्हणजे विंचेस्टर," गेलन म्हणाला. तो थोरला. "काडतूस कसं नखात धरते बघ. बाबांनी माझ्यासाठी ठेवली."

"चांगली म्हणजे रेमिंग्टन," मर्ल म्हणाला. "दोनशे पावलांवरून बशीत नेम बसतो."

"मग तुला रेमिंग्टनच हवी ना?" ऑर्फाने विचारलं.

"हो."

"आणि तुला विंचेस्टर?"

"हो."

"मग घ्या की मेल्यांनो! ज्याला जी पाहिजे ती घ्या आणि उठा. मला टेबल पुसायचंय."

मर्लने काटा खाली ठेवला. "आई, रेमिंग्टन मी घेईन. पण 'दुसरी' म्हणून घेणार नाही."

"आणि रेमिंग्टन चांगली ठरली," गेलन म्हणाला, "तर बाबांच्या शब्दाप्रमाणे ती मला घ्यावी लागेल. मी ती जन्मात खांद्याला लावणार नाही. लोक काय म्हणतील?"

अशी गाठ होती. दोघांना हवं ते मिळत होतं आणि दोघंही कोर्टात जायला तयार होते.

दुसरं घर असतं तर ऑर्फाने दोघांना हाकलून दिलं असतं. पण या घराला याच दुखण्याचा इतिहास होता. एल्वुडचा धाकटा भाऊ हार्लन असाच एक दिवस कॅम्पवरून, म्हणजे रानातल्या त्यांच्या शिकारीच्या लाकडी खोलीवरून, बंदूक उचलून निघून गेला. पुढे वीस वर्षं दोघे भाऊ चार मैलांवर राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. कारण काय, तर हार्लन पक्का विंचेस्टरवाला आणि एल्वुडने रेमिंग्टन घेतली. निदान एल्वुड तरी असंच सांगायचा. हार्लन गेला तेव्हा सगळं गाव कबरीपाशी उभं होतं, आणि एल्वुड पिकअपमध्ये हीटर लावून बसला होता. ऑर्फाने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आपल्या पोरांना असं एकमेकांच्या कबरीकडे पाठ फिरवू द्यायचं नाही. तिचं सत्तरावं सरलं होतं आणि तिच्या टेबलाला तिच्याखेरीज आता दोनच खुर्च्या लागणार होत्या. त्यांतली एक जरी रिकामी राहिली, तरी घर कुलूप लावल्यासारखं होणार.

"पुरावा आहे," मर्ल एकदम म्हणाला. "कॅम्पच्या भिंतीवर."

त्या भागातला रिवाज असा, की ज्याचा हरणावरचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीने कापायची, तिच्यावर नाव आणि साल लिहायचं आणि कॅम्पच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायची. एल्वुडची त्या भिंतीवर एकच शेपटी होती. अख्ख्या जन्मात तो एकदाच चुकला, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. ऑर्फाला तर त्याचा इतका ताठा, की थडग्याच्या दगडावर तिने तेच कोरायला सांगितलं होतं: 'नेम एकदाच चुकला.' पाद्री म्हणाला, एखादं वचन घाला. ती म्हणाली, "वचनं सगळ्यांच्याच दगडावर असतात."

"त्या शेपटीवरची शाई धुराने गेलीय," मर्ल म्हणाला. "साल कळत नाही. शहाऐंशीच्या आधीची असेल तर चुकली ती विंचेस्टर. नंतरची असेल तर रेमिंग्टन. जी चुकली ती दुसरी."

"पण साल सांगणार कोण?" गेलन म्हणाला.

दोघांनी आईकडे पाहिलं. एल्वुडच्या अंगावरचा एकेक शर्ट तिने शिवलेला. कापड बघून साल सांगणारी ती एकटीच जिवंत होती.

"बायकांना कॅम्पवर बंदी आहे," ऑर्फा म्हणाली. "तुमच्या बापाने सत्तेचाळीस वर्षं मला उंबरा ओलांडू दिला नाही."

"आता त्याची हरकत नसेल, आई."

"त्याची हरकत असायला हवी होती, मर्ल," ती म्हणाली आणि ॲप्रन सोडला.

कॅम्पवर शिरताच तिला आधी दिसले ते पडदे. तिनेच शिवून पाठवले होते, ते उलटे टांगलेले होते, सगळी फुलं जमिनीकडे तोंड करून. दोन पिढ्यांत एकाही पुरुषाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मग तिने भिंतीकडे पाहिलं. चिंध्यांचं प्रदर्शनच भरलं होतं. गेलनच्या चार, मर्लच्या सहा, आणि हार्लनकाकाच्या नऊ. हार्लनचा नेम गावात विनोदाचा विषय होता. रविवारी लोक कॅम्पवर जेवायला येत आणि त्या नऊ चिंध्या मोजून पोट धरधरून हसत.

"ही बाबांची," गेलनने कोपऱ्यातली एक पिवळ्या चौकड्यांची शेपटी दाखवली. "सांग साल."

ऑर्फाने चष्मा लावला. कापड बोटांत धरलं. मग पुढची शेपटी पाहिली, आणि त्याच्या पुढची. नऊच्या नऊ पाहून झाल्या. मग ती सावकाश बाकावर बसली.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"हे पिवळं हार्लनचं आहे," ती म्हणाली. "ब्याऐंशीचा नाताळ. बिनलग्नाचा होता, म्हणून एक शर्ट मी त्याला शिवला. डावखुरा होता म्हणून खिसा उजवीकडे घातला. हे कापड मी दुसऱ्या कुणाला दिलंच नाही."

"मग बाबांची कुठली?"

ऑर्फाने हार्लनच्या नावाच्या नऊ शेपट्यांवरून हात फिरवला. "हे हिरवं गिरणीच्या सेलमधलं. ही तपकिरी, तू पोटात होतास तेव्हा शिवलेली. ही निळी, मला लाज वाटली होती इतकं महाग कापड. सगळी तुमच्या बापाची. दर वर्षी घरी यायचा आणि सांगायचा, काटेरी तारेत शर्ट अडकला. मी मुकाट्याने खाली नवी पट्टी लावायची. एकदा तर त्याच्याकडून कुंपण बदलून घेतलं." ती थांबली. "तार कधी कात्रीसारखी सरळ फाडते का? माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं."

चुकायचा थोरला आणि भिंतीवर नाव लागायचं धाकट्याचं. धाकटा चुकला तो एकदाच, आणि ती शेपटी थोरल्याने आपल्या नावावर घेतली. चारचौघांत थोरल्या भावाला खोटं पाडायचं नाही एवढं हार्लनला कळत होतं, म्हणून त्याने हसू सोसलं. नववी शेपटी ठोकल्यावर बंदूक उचलली आणि गेला. विंचेस्टर-रेमिंग्टनचा त्यात काडीचा संबंध नव्हता. झाकली मूठ एल्वुडने वीस वर्षं झाकून ठेवली, आणि नंतर ती झाकायची गरजच उरली नाही, कारण ती उघडू शकणारा एकटा माणूस मातीखाली गेला होता.

ऑर्फाला वाटलं, आता पोरं रडतील. बापाचं हे ऐकून निदान मान तरी खाली घालतील.

गेलन ओठ हलवत भिंतीजवळ गेला. मर्ल त्याच्या मागे.

"शहाऐंशीपर्यंत किती?" मर्लने विचारलं.

"पाच," गेलन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

"आणि नंतर चार!" मर्लने टाळी वाजवली. "विंचेस्टर पाच वेळा चुकली, रेमिंग्टन चारच. एकाने चांगली!"

"अरे, पण काका कॅम्पवर होता तोवर विंचेस्टरच जास्त वर्षं चालली! सरासरी काढ!"

"सरासरीच्या गोष्टी करू नकोस. नववीत तू गणितात नापास झालास."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभाला स्वतः जळल्याचाही पत्ता नव्हता. ऑर्फा त्यांच्याकडे बघत राहिली. यांच्या बापाने भावाला जिवंतपणी गाडलं हे यांनी आत्ता ऐकलं, आणि यांना सरासरी काढायचीय. सत्य सांगून जे मिटत नाही ते कशाने मिटवायचं, हे तिला कुठल्या शाळेने शिकवलं नव्हतं. शाळा तिने आठवीतच सोडली होती. पण चार पोरांत एकच बिस्किट कसं वाटायचं, हे ती शाळेत जायच्या आधीपासून जाणत होती.

घरी आल्यावर तिने आधी दगडवाल्याला फोन केला.

"ती एकदाच चुकल्याची ओळ कोरलीस का?"

"उद्या घेतोय, बाई."

"एल्वुडच्या दगडावर नको घालूस. शेजारी त्याच्या भावाचा दगड आहे, त्याच्यावर घाल."

"आणि एल्वुडच्या दगडावर काय?"

"नाव आणि साल," ऑर्फा म्हणाली. "नाव नीट बघून घाल. त्याचंच घाल."

मग तिने कपाट उघडलं आणि दोन्ही बंदुकांचे बोल्ट ओढून बाहेर काढले. इतकी वर्षं त्याच बंदुका तिने स्वयंपाकघरात तेल लावून पुसल्या होत्या, हेही पुरुषांच्या लक्षात नव्हतं. दोन्ही बोल्ट पिठाच्या डब्यात गेले. मग तिने मुलांना बोलावलं.

"गेलन, तू विंचेस्टर ने. मर्ल, तू रेमिंग्टन ने. नुसत्या काठ्या आहेत, बोल्ट माझ्याकडे. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हंगाम सुरू होतो. पहाटे दोघांनी इथे यायचं, माझ्या टेबलावर जेवायचं, मग बोल्ट मिळतील. संध्याकाळी परत आणून द्यायचे. मी मरेपर्यंत दर वर्षी."

"आणि चांगली कुठली?"

"जिने हरीण पडेल ती. तोवर दोन्ही दुसऱ्या."

थँक्सगिव्हिंगनंतरच्या त्या सोमवारी दोघेही आले. नारिंगी जाकिटं घातलेली, तोंडं फुगलेली. तिने तळलेलं स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आणि मक्याच्या पिठाच्या वड्या, वाढलं, गव्हाच्या पिठाचे पॅनकेक वाढले. मेपलच्या पाकाची बरणी तिने मुद्दाम गेलनपाशी ठेवली आणि लोणी मर्लपाशी. दहा मिनिटं दोघांनी कोरडे पॅनकेक चावले.

"आई, त्याला सांग पाक दे म्हणून," मर्ल म्हणाला.

"मला ऐकू येत नाही. वय झालं."

आणखी दोन पॅनकेक कोरडेच गेले. मग मर्ल घशातल्या घशात म्हणाला, "पाक."

"लोणी," गेलन म्हणाला.

सात आठवड्यांतलं त्यांचं हे पहिलं संभाषण. ऑर्फाने पाठ वळवून तवा घासला.

निघताना तिने दोघांच्या हातात एकेक पुडकं दिलं. एल्वुडच्या जुन्या मोज्यात गुंडाळून, दोऱ्याने घट्ट शिवलेलं. "मचाणावर चढल्याशिवाय उघडू नका. दमट हवा लागते."

दोघे आपापल्या गाडीने निघाले. गेलन उत्तरेच्या उतारावर, मर्ल दक्षिणेच्या. मधे मैलभराचं रान, गुडघाभर बर्फ. ऑर्फाने कॉफी ओतून घेतली आणि खिडकीशी बसली. विंचेस्टरचा बोल्ट मर्लच्या मोज्यात होता आणि रेमिंग्टनचा गेलनच्या. एकीचा दुसरीत बसत नाही. बाईमाणसाची चूक झाली म्हणतील. म्हणू देत. पण बदलायला त्यांना एकमेकांकडे चालत जावं लागेल.

उजाडलं. आसपासच्या डोंगरांवरून दुसऱ्यांचे बार ऐकू आले. आपल्या रानातून काहीच नाही. सात वाजले, आठ वाजले. बाईसाहेब, तिने स्वतःलाच म्हटलं, तुमच्या या शहाणपणापायी एक जण तिकडे बर्फात पडला असेल. बापासारखाच.

मग एक बार झाला. रानाच्या ऐन मधोमध. लगेच त्याच्यामागे दुसरा. त्यानंतर शांतता, आणि त्या शांततेत लांबवरून दोन माणसांचा ओरडा. एकमेकांवरच ओरडत होते, पण एकाच ठिकाणाहून.

नऊला एकच गाडी अंगणात आली. दोघेही तिच्यातून उतरले. मागच्या बाजूला हरीण नव्हतं.

"त्याने हरीण पळवलं! माझ्या कानाशी बार काढला!"

"तूच आधी चुकलास! चाळीस पावलांवर उभं होतं, आई! वासरासारखं!"

"तुझा चुकला!"

"तुझा!"

ऑर्फाने दार उघडलं. शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री तिच्या हातात तयारच होती.

"वळा," ती म्हणाली. "दोघंही. आणि नावं मी लिहिणार."