धारची दांडी, देवासचं लाटणं

देवासच्या शाळेत मी जन्मभर बेलन शिकवला. आमच्याकडे गणित हिंदीत, त्यामुळे वृत्तचितीचं नाव बेलन आणि स्वयंपाकघरातल्या लाटण्याचंही तेच. बेलनाचं आयतन, म्हणजे घनफळ, माझी मुलं झोपेतसुद्धा काढत. तेव्हा चिंतामणी मास्तरांना एक साधं लाटणं बनवता येणार नाही, असं म्हणणारा माणूस देवासमध्ये सापडणं कठीण! आमच्या घरात मात्र सहज सापडतो. चारुलता. माझी पत्नी.

"लाटणं दुकानातून आणा," ती म्हणाली, "आणि शेजारच्या भवानीबाईंकडून वरवंटा. विसरू नका."

"नातवाच्या बारशाला दुकानातलं लाटणं?"

"आधीचं कुणी मोडलं?"

तोरणाचा खिळा ठोकायचा होता. हातोडी सापडली नाही, लाटणं सापडलं. यापुढे मला काही म्हणायचं नाही.

माझ्या हट्टामागे वेगळंच दुखणं होतं. आमची ऋजुता बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला. धारहून तिच्या सासूबाई, बकुळाबाई, बाळाला बघायला आल्या आणि उभ्याउभ्या त्यांनी आपले यजमान आणि मुलगा यांच्यात बाळाची वाटणी करून टाकली. "नाक आमच्या उदाजीरावांचं! कपाळ शुभंकरचं! आणि बोटं बघा, थेट दरबारातली!" त्यांचे पणजोबा धारच्या दरबारी होते, हे त्या सहसा विसरू देत नाहीत.

मी चाचरत म्हणालो, "कान जरा माझ्यासारखे..."

"कान काय, बदलतात हो पुढे!"

म्हणजे बाळात माझ्या नावावर एक कानसुद्धा नाही! तेव्हाच ठरवलं. बारशाला पुरणपोळ्या होणार त्या माझ्या हातच्या लाटण्याने. धारकरांच्या ताटात पडणाऱ्या प्रत्येक पोळीवर माझा ठसा असेल.

माझा मित्र भास्कर निवृत्तीनंतर पाककृती शिकायच्या ऐवजी लेथ मशीन घेऊन बसला होता. गॅरेजात. स्कूटर त्यासाठी बाहेर उन्हात.

"भिया, टेन्शन मत लो," तो म्हणाला. "लाकूड फिरतं, आपण पटाशी टेकवायची. लाटणं आपोआप बाहेर येतं."

"लाकूड?"

"शिसवी पाठवतो. एकदम पक्का माल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी गोणपाटात गुंडाळलेला शिसवी दांडा! काळाभोर, गुळगुळीत, वजनदार. शब्दाचा पक्का माणूस आहे भास्कर! मी दांडा खांद्यावर टाकला आणि थेट गॅरेज गाठलं.

भास्कर त्याच्यावरून हात फिरवत राहिला. "वा! क्या चीज है! पण टोकांना या खाचा कसल्या?"

"तुझं मशीन, तुला माहीत."

"बरोबर, पकडीच्या असणार," तो म्हणाला. ज्या माणसाला काही माहीत नसतं तो इतक्या चटकन उत्तर देतो, हे मला शाळेत असताना चांगलं कळत होतं. निवृत्तीनंतर सवय गेली.

दांडा लांब, मशीन आखूड. आम्ही दांडा मधोमध कापला.

पहिल्या तुकड्याला मी पटाशी टेकवली मात्र, ती वासरासारखी उधळली! तुकड्याचा टवका उडून बाहेरच्या स्कूटरच्या आरशाला लागला.

"आरसा डावा होता," भास्कर शांतपणे म्हणाला. "उजवा आहे अजून."

एक बाजू जाड झाली म्हणून ती तासली. मग दुसरी जाड वाटली. आम्ही इतका न्याय केला की शेवटी तुकड्याची काडी उरली.

"दुसऱ्या तुकड्यावर कमी काम करू," मी म्हणालो.

तेवढं मात्र आम्ही पाळलं. एका टोकाची मूठ तुटली, तिथे सपाट बूड झालं. दुसऱ्या टोकाच्या मुठीचा झाला गोल, चकचकीत गोळा. मध्ये मान जवळजवळ नाहीच, आणि त्याखाली पोट. मोठं, ठाम पोट. त्याला पटाशी लावायची दोघांचीही हिंमत होईना.

घरी आलो. चारुलताने ती वस्तू फिरवून फिरवून पाहिली.

"हे काय?"

"लाटणं."

"याने पोळी नाही, रस्ता लाटतात!"

तेवढ्यात आतून ऋजुता आली. "बाबा, दारात पाळण्याची दांडी होती ना? पाळणा परवा आला, दांडी राहिली होती. सासूबाईंनी आज ड्रायव्हरबरोबर पाठवली. गोणपाटात गुंडाळलेली. दारात ठेवून गेला म्हणे."

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती तरी बसलो.

भास्करला फोन लावला. "तू लाकूड पाठवलं होतंस ना रे?"

"कुठे भिया, वखारवाला उद्या देतो म्हणालाय. म्हटलं तूच आणलंस, चांगलं केलंस!"

चारुलताने माझ्याकडे पाहिलं. मग लाटण्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "त्यांच्या चार पिढ्या झुलल्यात त्या दांडीवर," ती हळू आवाजात म्हणाली. "विहीणबाईंना कळलं तर ऋजुताला जन्मभर ऐकावं लागेल. तुम्ही आता काहीही करू नका. अगदी काहीही!"

बारशाच्या दिवशी पाळणा टांगला तो दिवाणखान्यातल्या पडद्याच्या स्टीलच्या नळीवर. नळीवर जुनी पैठणी, पैठणीवर झेंडू, झेंडूवर शेवंती. पोळ्या शेजारच्या भवानीबाईंच्या लाटण्याने झाल्या. माझा ठसा कुठेच नव्हता.

बकुळाबाई आल्या त्या सरळ पाळण्याशी. "दांडी दिसत नाही ती आमची?"

"फुलांत आहे," चारुलता म्हणाली. "नजर लागू नये म्हणून झाकली."

"बाई, किती विचार करता हो!"

मी दारात पुरुषांच्या घोळक्यात उभा होतो. उदाजीराव मला म्हणाले, "मास्तर, घाम फार येतोय तुम्हाला."

"खुशीचा," मी म्हणालो.

बायका पाळण्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या आणि कुणीतरी हाक दिली, "गोपा आणा!" वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून बाळाच्या आधी तो पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचा असतो. तोच गोपा. आमचा वरवंटा मिक्सर आला तेव्हाच घराबाहेर गेला. आणि भवानीबाईंचा आणायचं काम कुणाकडे होतं, ते तुम्ही वर वाचलंच आहे!

चारुलताने माझ्याकडे बघायचंही टाळलं. आत गेली आणि लगेच बाहेर आली. हातात गोपा! अंगात झबलं, डोक्याला टोपडं, कपाळाला काजळाची तीट. मी ते पोट लांबूनच ओळखलं.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" गोपा हातोहात फिरू लागला आणि बकुळाबाईंच्या हातात येऊन थांबला.

"लाकडाचा?" त्यांनी वजन जोखलं. अंगठ्याने टोपडं सारलं. "शिसवी दिसतंय. असलं लाकूड हल्ली मिळत नाही. हे मी कुठेतरी..."

ऋजुताने डोळे मिटले. टोपडं घरंगळलं आणि खालून तो गोल, चकचकीत माथा उघडा पडला. बकुळाबाईंनी माथ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, मग मान वर करून दाराकडे पाहिलं. माझ्याकडे.

"अगंबाई!"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

"मान बघा, नाहीच!"

"आणि पोट! तंतोतंत!"

"बाबा, खरंच हो," ऋजुता पदरात तोंड लपवत म्हणाली.

बकुळाबाई हसून हसून पाळण्याला टेकल्या. नळी करकरली, पण कुणाला ऐकू गेलं नाही. "बाळ आमच्यावर गेलं, ते सोडा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "पण याच्यात धारचं काही म्हणजे काही नाही हो! हा अख्खा चिंतामणी मास्तरांवर गेलाय!"

चारुलता खोकली.

बाळाचं नाव विहंग ठेवलं. निघताना बकुळाबाईंनी पाळणा आम्हाला ठेवायला सांगितला, दांडीसकट. पण गोपा मात्र त्या सोडेनात. "हा मी धारला नेणार, दिवाणखान्यात ठेवणार. आल्यागेल्याला दाखवीन, आमचे व्याही म्हणून!"

गाडीच्या मागच्या काचेतून टोपडं हलताना दिसत राहिलं. चार पिढ्यांचं शिसवी लाकूड आपल्या घरी परत चाललं होतं. त्यात माझं असं फक्त पोट होतं.