तपासणीपुरते बारीक

घोडेगावच्या बाजारात म्हशींचा व्यापार करणारे बबननाना माझे शेजारी. माणूस दिसला की रामराम करण्याआधी त्याचं वजन सांगतात. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांचं वजन भर मांडवात जाहीर केलं. तेव्हापासून सासरे आमच्याकडे मुक्कामाला येत नाहीत. तेवढा एक उपकार मी मानतो.

स्वतःचं वजन मात्र नानांना दिसत नाही. गेल्या वर्षी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, पाय टम्म सुजला. डॉक्टरांनी बजावलं, "लठ्ठपणामुळे तुमचं रक्त लवकर गोठतंय. वजन उतरलं की ते सुधारेल, पण पुन्हा वाढलं तर पुन्हा पहिल्यासारखं. पुढची गुठळी फुफ्फुसात गेली, तर माझ्यापर्यंत आणायलाही वेळ मिळायचा नाही."

नानांनी यातून फक्त व्यापार उचलला. बाजाराआधी म्हशीला धुऊन, शिंगांना तेल लावून तयार करतात, तसे ते रक्ताच्या दर तपासणीआधी पंधरा दिवस स्वतःला तयार करायचे. ताक, काकडी, उकडलेले मूग. रिपोर्ट चांगला आला की "गिऱ्हाईक पटलं!" म्हणत त्याच संध्याकाळी सायीचं दही आणि भाकरीवर लोण्याचा गोळा.

"नाना, रिपोर्ट विकायचा नाहीये. रक्त तुमच्याच अंगात राहणार आहे," मी म्हणालो.

"मास्तर, तुमाला बाजारातलं काय कळतंय? जनावर त्या दिवसापुरतं देखणं असलं म्हंजे झालं!"

परवा तर कहर झाला. तपासणी चार दिवसांवर आणि नाना तुपात भिजलेला मलिदा हाणत बसलेले. माझं डोकंच फिरलं. "मरायचंय का तुम्हाला?"

नानांनी चुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी न्हाई जेवलो की ही बी जेवत न्हाई. आपली भाकर म्हशीला टाकती. मागल्या तपासणीच्या पंधरवड्यात बांगड्या कोपरापतूर सरकाया लागल्या तिच्या. लई भ्या वाटलं, मास्तर."

एवढ्यात नानांच्या पत्नी यमुनाकाकू आल्या, नानांच्या ताटात डोकावल्या आणि मगच स्वतःचं ताट वाढून घेतलं. मला त्या दोघांचाही राग आला.

"उद्यापासून दोघांनी एका ताटात मूग खा," मी म्हणालो. "आणि तपासणीला काकूंनाही न्या."

नेलं. मीही बरोबर होतो. नानांचं वजन वाढलेलंच निघालं. डॉक्टर चांगलेच तापले, पण नानांचं लक्षच नव्हतं.

"माझं ऱ्हाऊ द्या, सायेब. आदी हिला चढवा काट्यावर."

काकू संकोचून काट्यावर चढल्या. अख्ख्या गावाचं वजन नजरेनं सांगणारे नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते. "मास्तर," ते म्हणाले, "तुमीच बघा. मला न्हाई बघवत."