आनंदाचा रकाना

पाळणाघराचा मासिक अहवाल दिल्लीच्या संस्थेकडून परत आला, तेव्हा शीला एका हाताने पाळण्याची दोरी ओढत होती आणि दुसऱ्या हाताने आपल्या उर्वशीच्या मुठीतली सरकी काढत होती. अहवालावर लाल शाईत शेरा होता: 'लाभार्थींची प्रतिक्रिया' या रकान्यात सात महिने एकच शब्द येत आहे. कृपया बदलावा.

शब्द होता 'हॅप्पी'.

"काहून वो बाई," लेकरं सांभाळणाऱ्या मथुराबाई म्हणाल्या, "दिल्लीवाल्याइले आपला आनंद शिळा लागून राह्यला काय?"

त्या वर्षांत कापसाने सगळ्यांचीच कंबर मोडली होती. यवतमाळला आठवड्याला एक तरी पाहणीची गाडी यायची. गाडीतले लोक वावरात उतरायचे, माना हलवायचे आणि निघून जायचे. त्यातली एक गाडी बाभुळगावजवळच्या या गावात काहीतरी ठेवून गेली, ते हे पाळणाघर. निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बायांची सोळा लेकरं इथे दिवसभर असत. त्याआधी ती वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या झाडाला लुगड्याच्या झोळीत टांगलेली असायची. प्रभावतीच्या पोराच्या पाठीवर लाल मुंग्यांचे डाग अजून होते. शीला बी. ए. झालेली, इंग्रजी घेऊन. म्हणून अहवाल तिच्याकडे. अहवाल पसंत पडला तर पाळणाघर चालणार, आणि उर्वशीही तिच्या डोळ्यांसमोर राहणार.

संस्थेच्या यवतमाळच्या कार्यालयातले धर्मपाल सर मोटरसायकलवर एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश.

"दर महिन्याला नवा शब्द टाक. आणि जरा चढता असू दे."

"चढता कायले, सर?"

"आलेख काढतात ते त्याच्यावर."

दुपारी सोळाही लेकरं झोपली की शीला कोश उघडायची. पहिला शब्द लागला 'गश'. नळ फुटून पाणी उसळावं तसं कौतुकाने बोलत सुटणं. गावातल्या नळाला दोन दिवसांआड करंगळीएवढी धार येई. खाली उदाहरण होतं: 'पाहुण्या पडद्यांचं कौतुक करत सुटल्या.' पाळणाघराच्या खिडकीला युरियाचं पोतं होतं. दुसरं उदाहरण होतं: 'बाळाकडे पाहून ती बोलतच सुटली.' हे मात्र शीलाने दोनदा वाचलं. शेजारी उर्वशी झोपेत ओठ चोखत होती. तिच्या कानामागची दुधाळ घामाचा वास हुंगत शीलाने तो शब्द रकान्यात ठेवला, आणि तो खोटा आहे असं तिला त्या दिवशी तरी वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात 'इफ्युजन' गेलं, म्हणजे भरभरून ओसंडणं. त्याच्या पुढच्या महिन्यात 'एक्झ्युबरन्स', म्हणजे उत्साहाला आलेलं उधाण. दिवाळीच्या महिन्यात तिने 'रॅप्सडी' लिहिलं आणि तिथे घोळ झाला. कारण त्याच्या खालीच 'अडचणी' असा रकाना होता. त्यात शीला दर महिन्याला तेच दोन लिहायची: पाळण्याची दोरी विरली आहे, बदलून मिळावी. लेकरांना दुपारी अंडं मिळावं.

"हे काय?" सर म्हणाले. "वर रॅप्सडी, आणि खाली दोरी? आनंदानं वेड्या झालेल्या बाईले दोरी दिसते काय?"

"पण तुटून राह्यली ना सर."

"निरंक लिही."

शीलाने निरंक लिहिलं. मथुराबाईंनी लुगड्याचा काठ फाडून दोरीला आणखी एक गाठ मारली.

दिल्लीत आलेख असा काही चढला की दिल्लीला पैसा देणाऱ्या विदेशी बाई हा आनंद डोळ्यांनी पाहायला निघाल्या. दिवस नेमका दुसऱ्या वेचणीचा. सरांनी वावरात जाऊन वीस बाया उठवून आणल्या. वेचाईची मजुरी किलोवर, म्हणजे दिवस बुडाला. बाया कमरेच्या कापसाच्या ओट्या सोडून भिंतीला टेकून बसल्या. विदेशी बाई पेन उघडून हसत होत्या. सरांनी बायांना खूण केली.

"बोला ना वो. मनातलं बोला."

"मनातलं?" मथुराबाईंनी पदर खोचला. "मंग ऐक म्हणा बाईले. चार महिने झाले, दोरीले गाठी मारून राह्यलो. एखांद्या दिवशी लेकरू डोक्यावर पडन, मंग येसान काय फोटो काढाले? अंडं त आमी चित्रातच पाह्यतो."

"पोटात काही नसलं त लेकरू झोपन कसं?" प्रभावती म्हणाली. "आन् आमाले काहून उठवून आणलं जी? आजची वेचाई कोन देनार?"

मग छताचा पत्रा आला, नळ आला, कापसाचा भाव आला, दारू पिणारा एक नवरा आला. वीसही जणी एकदम बोलू लागल्या. हात उडत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अर्धा तास नळ फुटला होता. कोशातल्या 'गश'चा अर्थ शीलाला त्या दिवशी नीट कळला.

विदेशी बाई भारावून शीलाकडे वळल्या. या काय म्हणताहेत?

सरांनी शीलाकडे पाहिलं. खरं सांगितलं तर चार महिन्यांचे अहवाल खोटे, आणि खोट्या अहवालाचं पाळणाघर कोण चालू ठेवणार? मांडीवरच्या उर्वशीने तिची माळ घट्ट धरली होती. शीलाने कोशातले चारही शब्द एकामागून एक, चढत्या क्रमाने सांगून टाकले.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मथुराबाईंना मिठी मारली.

"समजलं वाट्टे बाईले," मथुराबाई गाडीच्या धुळीकडे पाहत म्हणाल्या. "बाकीचं जाऊ दे, दोरीचं त नक्कीच समजलं."

महिन्याभरात पत्र आलं. तालुक्यातल्या माता पूर्ण समाधानी असल्याचं प्रत्यक्ष पाहणीत आढळलं आहे. सबब हे केंद्र महिनाअखेर बंद करून, जिथे माता अजून दुःखी आहेत अशा जिल्ह्यात हलवावं. समारोपाचा अहवाल नेहमीच्या नमुन्यात पाठवावा.

"म्हंजे आपून लय खुश हाओ म्हणून बंद?" मथुराबाईंनी विचारलं.

"हो, मावशी."

"तं आधी सांगतलं असतं बाई. रडली असती मी बरोबर."

शीलाला वर पाहवलं नाही. त्या दुपारी तिने कोश उघडला, मिटला आणि प्रतिक्रियेचा रकाना कोरा ठेवून अहवाल पाठवला. एवढं तरी खरं जावं.

पुढच्या महिन्यात पाळणा मथुराबाईंच्या ओसरीत आला होता. त्यात आणि खालच्या गोधडीवर मिळून सात लेकरं मावत. प्रभावतीच्या पोरासकट बाकीची पुन्हा धुऱ्यावर, झोळीत. शीला उर्वशीला कडेवर घेऊन तिथेच बसली होती, तेव्हा धर्मपाल सर एक चौकट घेऊन आले. काचेखाली सोनेरी अक्षरं होती.

"प्रशस्तिपत्र आहे," ते म्हणाले. "रकाना कोरा ठेवला ते लई छान केलं तू. आनंदानं शब्दच फुटले नाहीत, असं म्हणाले वरचे. आलेखात सगळ्यात उंच आपणच."

मथुराबाईंनी चौकट हातात घेतली आणि उलटी केली. टांगण्यासाठी मागे नवीकोरी नायलॉनची दोरी होती. त्यांनी ती सोडवली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि पाळण्याच्या जुन्या दोरीला लावून मापली.

"हातभर कमी पडते," त्या म्हणाल्या.